विद्यार्थ्याचे संशोधन: पुन्हा तपासता येईल असे काही



संशोधनाची व्याख्या, प्रकार आणि पायऱ्या तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत आणि परीक्षेपुरत्या तुम्हाला पाठही असतील. त्या या टिपणात नाहीत. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि व्यवस्थापन या विषयांत पदवीचे विद्यार्थी 'संशोधन प्रकल्प' म्हणून जे लिहितात, त्याची इथे समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हटले की दोष दाखवणे आले. त्यातले काही दोष माझे स्वतःचे आहेत, तेही सांगणार आहे.

१. हे टिपण कशासाठी

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. माझे शिक्षण अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवीपर्यंत झाले, पण गेली बरीच वर्षे 'अर्थशास्त्र व व्यवस्थापन' हा विषय माझ्याकडे असतो. त्यात सत्रकार्य म्हणून एक पाहणी-प्रकल्प करावा लागतो. शिवाय आसपासच्या महाविद्यालयांतून बीबीए आणि बी.कॉम.च्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेसाठी बोलावणे येते. अशा रीतीने काहीशे अहवाल मी वाचले आहेत. मुंबईकडे या अहवालाला ब्लॅकबुक म्हणतात. तुमच्या राज्यात दुसरे नाव असेल. आतला मजकूर मात्र बहुतेक सारखाच असतो.

हा विषय आता निकडीचा झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' हा मार्ग घेता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचे संशोधनकार्य असते. म्हणजे आजवर जो पन्नास गुणांचा उपचार होता, तो आता पदवीच्या नावात येऊन बसणार. तेव्हा हा उपचार नक्की कसा चालतो ते एकदा नीट पाहिले पाहिजे.

२. नेहमीचा प्रकल्प कसा असतो

शीर्षक साधारण असे असते: 'अमुक शहरातील ग्राहकांच्या ऑनलाइन खरेदीविषयक दृष्टिकोनाचा अभ्यास' किंवा 'जाहिरातींचा तरुणांच्या खरेदीवरील परिणाम'. पहिल्या प्रकरणात विषयाचा इतिहास येतो, तो बहुधा जागतिक पातळीपासून सुरू होतो. दुसऱ्यात पूर्वसाहित्य, म्हणजे दहा-बारा लेखांचे सारांश, एकमेकांशी संबंध नसलेले. तिसऱ्यात पद्धती. चौथ्यात प्रत्येक प्रश्नाचा एक रंगीत वर्तुळालेख आणि त्याखाली एक वाक्य: 'वरील आलेखावरून असे दिसते की ६२ टक्के लोक सहमत आहेत.' पाचव्यात निष्कर्ष, शिफारशी आणि 'गृहीतक सिद्ध झाले'.

यातला पहिला दोष असा की आपण गोष्टी मोजत नाही, मते मोजतो. 'डिजिटल पेमेंटमुळे व्यवहार सोपे झाले आहेत असे तुम्हाला वाटते का?' या प्रश्नाला 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय देतो आणि उत्तरांची सरासरी ३.८४ काढतो. हे ३.८४ कशाचे आहेत? किलोचे नाहीत, रुपयांचे नाहीत, दिवसांचेही नाहीत. मत हाही अभ्यासाचा विषय होऊ शकतो आणि मते मोजण्याचे शास्त्र चांगले विकसित झालेले आहे. पण त्यात एकेका प्रश्नाची शब्दरचना ठरवायला आणि चाचपायला महिने जातात. आपण ती आदल्या वर्षीच्या अहवालातून उचलतो.

दुसरा दोष शीर्षकातल्या 'परिणाम' या शब्दात आहे. जाहिरातीचा परिणाम मोजायचा तर जाहिरात नसती तर काय झाले असते, याचा काहीतरी अंदाज हवा. त्यासाठी आधीचे आकडे लागतात, नाहीतर जाहिरात न पाहिलेला पण बाकी सर्व बाबतींत सारखा असा गट लागतो. आपल्याकडे दोन्ही नसते. आपण लोकांनाच विचारतो, 'तुमच्यावर परिणाम झाला का?' हे म्हणजे औषधाचा गुण रोग्याला विचारून ठरवण्यासारखे झाले.

तिसरा दोष सर्वांत जुना: आधी कळस, मग पाया. शिफारशी आधी ठरलेल्या असतात. मी वाचलेल्या काहीशे अहवालांत 'माझे गृहीतक चुकले' असे लिहिणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. खरोखर तपासणी होत असती, तर ही संख्या इतकी कमी राहिली नसती.

३. शंभर उत्तरांचे वजन

'सर, सॅम्पल किती घेऊ?' हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न. उत्तरही ठरलेले: 'शंभर तरी घे.' या शंभराला खरेच किती वजन आहे ते पाहू.

समजा, १०० जणांपैकी ६२ जण 'हो' म्हणाले. हे १०० जण संपूर्ण शहरातून यादृच्छिक पद्धतीने निवडले असतील, म्हणजे शहरातल्या प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी असेल, तर प्रमाण त्रुटी ०.६२ × ०.३८ ÷ १०० याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.०४९ येते. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी तिला १.९६ ने गुणले की सुमारे ९.५ टक्के अंक मिळतात. म्हणजे खरे उत्तर ५२.५ ते ७१.५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, इतकेच आपण म्हणू शकतो. 'पुरुष ५८ टक्के, स्त्रिया ६६ टक्के' अशी तुलना करायला गेलात तर प्रत्येक गटात पन्नासच जण उरतात आणि तो फरक निव्वळ योगायोगाचा असणे सहज शक्य असते.

हे गणितही निवड यादृच्छिक असेल तरच लागू पडते. आपण काय करतो? गुगल फॉर्म बनवून तो वर्गाच्या, वसतिगृहाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. उत्तरे येतात ती आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच फोन वापरणाऱ्या मित्रांची. मग शीर्षकात 'शहरातील ग्राहक' असे लिहितो. त्या उत्तरांवर काय-वर्ग चाचणी चालवून पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले असे जाहीर करणे म्हणजे वाकड्या काट्यावर तोळा-मासा तोलणे होय.

संख्या वाढवली म्हणून हा दोष जात नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे २४ लाख उत्तरपत्रिका गोळा केल्या आणि लँडन निवडून येणार असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. ज्या याद्यांवरून पत्रिका पाठवल्या होत्या, त्यांत दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांचा भरणा होता. शिवाय पत्रिका भरून परत पाठवणारे हा आणखी वेगळाच गट होता. चोवीस लाखांची ही गत, तर आपल्या शंभरांचे काय?

४. माझी चूक

नोटाबंदीनंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. त्या सत्रात माझ्या मार्गदर्शनाखाली डिजिटल पेमेंटवर दोन प्रकल्प झाले.

पहिला चार मुलांचा. दोनशे उत्तरे, बारा वर्तुळालेख, तीन चाचण्या, सोनेरी अक्षरांची बांधणी. मी पन्नासपैकी सेहेचाळीस दिले.

दुसरा एका मुलीचा, एकटीचा. तिने आपल्या वस्तीतली २३ किराणा दुकाने घेतली होती. प्रत्येक दुकानात आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे ती गेली. दुकानदाराच्या परवानगीने उधारीच्या वहीतून तिने तीनच गोष्टी उतरवल्या: किती गिऱ्हाइकांचे खाते चालू आहे, त्या आठवड्यात किती रक्कम लिहिली गेली आणि किती फेडली गेली, रोखीने की फोनवरून. फोनवरून पैसे द्यायची सोय आली म्हणजे उधारी कमी होईल, असे तिचे गृहीतक होते. तिच्या दुकानांत तसे दिसले नाही. उधारी होती तेवढीच राहिली. महिनाअखेरीची फेड मात्र काही जण फोनवरून करू लागले होते. तिने शेवटच्या पानावर लिहिले होते, 'माझे गृहीतक बरोबर निघाले नाही. पैसे कसे द्यायचे आणि पैसे कधी येतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मला वाटते.'

मी तिला एकतीस दिले. नमुना लहान, संख्याशास्त्रीय चाचणी नाही, गृहीतक सिद्ध नाही, असे शेरे मारले. तिने विचारले, "सर, वहीतले आकडे चुकीचे आहेत का?" मी म्हणालो, "आकड्यांचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे." ती काही बोलली नाही.

काही वर्षांनी पहिल्या गटातला एक मुलगा भेटायला आला. आता चांगल्या नोकरीत आहे. चहा घेता घेता हसत म्हणाला, "सर, त्या दोनशेतले साठेक फॉर्म खरे होते. बाकीचे आम्ही एका रात्रीत होस्टेलवर भरले." त्याच्या मते ही गंमत होती. मला मात्र रात्री झोप लागली नाही. मुलांच्या लबाडीपेक्षा एक वेगळीच गोष्ट टोचत होती: दोनशे फॉर्म खरे असते तरी अहवालात शब्दाचाही फरक पडला नसता आणि माझ्या लक्षात येण्याचा काही मार्गच नव्हता. कोणी, कुठे, केव्हा उत्तर दिले याचा मागमूस त्या अहवालात नव्हता. मुलीच्या कामात तो पानापानावर होता. खोटे सापडू शकेल असे काम तिने केले होते, आणि मी तिचेच गुण कापले होते.

पुढच्या आठवड्यात मी तिचा अहवाल शोधायला गेलो. विभागात जुने अहवाल पाच वर्षांनी रद्दीत देतात. तो गेला होता. आज तो हाती असता, तर त्याच २३ दुकानांत पुन्हा जाऊन वहीत काय बदलले ते पाहता आले असते. त्या वस्तीबद्दल अशी माहिती दुसऱ्या कोणाकडे असेल असे मला वाटत नाही.

५. १९१६ चे विद्यार्थी

आता अशाच एका कामाची हकिगत सांगतो, जे रद्दीत गेले नाही.

गिल्बर्ट स्लेटर हे ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजचे प्राचार्य होते. १९१५ च्या अखेरीस ते मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. भारतीय खेड्याबद्दल त्यांना फारशी माहिती नव्हती, पण त्यांच्या विद्यार्थ्यांची घरे खेड्यांत होती. स्लेटर यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि विद्यार्थ्यांना आपापल्या गावी पाहणी करायला सांगितले. जमीन कोणाकडे किती, मजुरी काय, कर्ज किती, पिके कोणती, लोक काय खातात, असे ते प्रश्न होते. त्यातून १९१८ मध्ये 'सम साउथ इंडियन व्हिलेजेस' हे पुस्तक निघाले.

त्या मुलांना प्रतिगमन विश्लेषण येत नव्हते. संगणक नव्हता. निवडही यादृच्छिक नव्हती. ज्याचे जे गाव ते त्याने घेतले. आजच्या तोंडी परीक्षेत मी त्यांना कदाचित एकतीसच दिले असते. पण पुढे काय झाले पाहा. १९३६-३७ मध्ये पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्या गावांची फेरपाहणी केली. १९६१ मध्ये मार्गारेट हॅसवेल त्यांतल्या काही गावांत गेल्या. आजच्या विळुपुरम जिल्ह्यातले इरुवेलपट्टू हे त्यांतलेच एक गाव. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एस. गुहन आणि जोन मेंचर यांनी पाहणी केली. २००८ मध्ये जॉन हॅरिस, जे. जयरंजन आणि के. नागराज हे अभ्यासक पुन्हा गेले. एका गावात जमीन, मजुरी आणि जात यांचे नाते नव्वदहून अधिक वर्षांत कसे बदलले, हे आज सांगता येते, कारण मालिकेच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांची ती पाहणी आहे.

आपल्या पुण्याजवळही त्याच सुमारास असे काम झाले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. गावात १५६ जमीनधारक आणि जमिनीचे ७२९ वेगवेगळे तुकडे. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. जुन्या कागदपत्रांवरून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते आणि १९१४-१५ मध्ये ते ७ एकरांवर आले होते. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि तिथे शेताऐवजी उंच इमारती दिसतात. तरी ७२९ तुकड्यांची ती मोजणी अजून वाचनीय आहे.

या आकड्यांचा अर्थ काय लावायचा यावर मात्र मतभेद होते आणि ते असायलाच हवेत. शेतीचे लहान तुकडे हेच दुखण्याचे मूळ, असा त्या काळी सर्वसाधारण सूर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून वेगळी बाजू मांडली: धारणक्षेत्र लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती माणसे आहेत यावरून ठरते, आणि शेतीवरचा माणसांचा भार हलका करायला औद्योगिकीकरण हवे. अर्थ बदलू शकतो, त्यावर वाद होऊ शकतो. पण वाद घालायला आधी कोणीतरी तुकडे मोजलेले असावे लागतात. पदवीचा विद्यार्थी अर्थशास्त्राला नवा सिद्धान्त देईल अशी अपेक्षा कोणी करत नाही. पण मोजणी तो नक्कीच देऊ शकतो.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०११ मधले घ्या. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी-स्वयंसेवकांनी नऊ राज्यांत रेशन व्यवस्थेची पाहणी केली. बाराशेहून थोडी अधिक कुटुंबे होती. 'तुम्ही रेशन दुकानाबद्दल समाधानी आहात का?' एवढ्यावर ते थांबले नाहीत. तुमच्या हक्काचे धान्य किती आणि त्यातले हातात किती आले, हे त्यांनी विचारले. दोन आकडे आणि त्यांतला फरक. देशातल्या मोठ्या धोरणचर्चेत त्या फरकाला किंमत आली.

६. २०१३ चा गृहपाठ

मोजणी करणे हा एक मार्ग. दुसऱ्याची मोजणी तपासणे हा दुसरा, आणि त्यासाठी गावालाही जावे लागत नाही.

२०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून वर गेले की वाढीचा दर घसरतो, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस प्रगत देशांच्या आकड्यांवरून अशा वर्षांतली सरासरी वाढ उणे ०.१ टक्का निघत होती. सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्यांनी या निबंधाचा जगभर आधार घेतला.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲमहर्स्ट इथे, थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला एका अभ्यासक्रमात गृहपाठ होता: प्रसिद्ध झालेला एखादा निबंध घ्या आणि त्याचे आकडे स्वतः काढून दाखवा. हर्नडन पीएच.डी.चा विद्यार्थी होता, पण त्याला लागलेली साधने तुमच्याकडेही आहेत: एक्सेल, चार मूळ क्रिया आणि चिकाटी. त्याने हा निबंध घेतला. आकडे जुळेनात. आपलेच चुकत असेल असे आधी वाटले. शेवटी लेखकांकडे मूळ तक्ता मागितला आणि त्यांनी तो दिला. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून गळले होते.

गाजली ती हीच चूक, पण आकड्यातला मोठा फरक तिच्यामुळे पडला नव्हता. न्यूझीलंडची काही वर्षे हिशेबात घेतलीच नव्हती. शिवाय प्रत्येक देशाला सारखे वजन दिले होते. त्यामुळे न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचे, ब्रिटनच्या १९ वर्षांच्या २.४ टक्के सरासरीच्या बरोबरीने मोजले गेले. हे सर्व दुरुस्त केल्यावर हर्नडन आणि त्याचे शिक्षक मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांना सरासरी अधिक २.२ टक्के मिळाली. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली. जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध असतो हे म्हणणे मात्र सोडले नाही. तो वाद अर्थतज्ज्ञांत पुढेही चालला.

इथे लेखकांचीही एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी तक्ता दिला. दिला म्हणून चूक सापडली. आपल्या अहवालांपैकी कितींचा मूळ तक्ता मागितला तर मिळेल?

७. मग तुम्ही काय करावे

प्रश्न लहान घ्या. 'भारतातील भाजीपाला विपणन' हा पदवीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न नव्हे. त्याऐवजी असे करता येईल: तुमच्या जवळच्या बाजार समितीतला टोमॅटोचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर मिळतो, क्विंटलला इतके रुपये असा. तुमच्या गल्लीतले तीन विक्रेते ठरवा आणि रोज ठरलेल्या वेळी किलोचा भाव लिहून ठेवा. तीस दिवसांनी दोन रकाने समोरासमोर ठेवा. समितीतला भाव पडल्यावर गल्लीतला किती दिवसांनी पडतो? चढताना तेवढाच वेळ लागतो का? याचे उत्तर तुमच्या गावासाठी बहुधा कोणीच लिहून ठेवलेले नसेल.

दुसरा मार्ग हर्नडनचा. सांख्यिकी मंत्रालय मोठ्या पाहण्यांची कुटुंबवार माहिती विनामूल्य देते; फक्त नावनोंदणी करावी लागते. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत २,६१,७४६ कुटुंबे आहेत. मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत न धरता दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ आणि शहरी भागात ६,४५९ रुपये असल्याचे तिच्यात म्हटले आहे. नवा शोध नंतर लावा. आधी मूळ माहितीतून हे ३,७७३ काढून दाखवा. प्रत्येक कुटुंबाला दिलेला भार म्हणजे काय, तो विसरला तर उत्तर का चुकते, हे त्या एका आकड्यापायी तुम्ही जितके शिकाल तितके माझ्या चार तासिकांत शिकणार नाही.

तसेच शब्दांची व्याख्या वाचा. श्रमबल पाहणीत 'चालू साप्ताहिक स्थिती'नुसार, मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेली व्यक्ती कामावर असलेली धरली जाते. घरच्या दुकानात बिनपगारी मदत करणाराही त्यात येतो. ही व्याख्या न वाचता 'बेरोजगारी घटली' किंवा 'वाढली' असे लिहिणारे अहवाल मी दर वर्षी पाहतो.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित. विभागातला एखादा जुना, बरा प्रकल्प शोधा आणि तोच पुन्हा करा. तेच ठिकाण, तेच प्रश्न, आजची तारीख.

कोणताही मार्ग घेतलात तरी काही गोष्टी पाळा. मोजणीची तारीख, वेळ आणि जागा लिहा. मूळ कागद जपा आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला तेही लिहा. लोकांची नावे अहवालात घालू नका, त्याऐवजी क्रमांक द्या. उधारीची वही ही कोणाच्या तरी अब्रूची वही असते. आणि गृहीतक चुकले तर 'चुकले' असे लिहा.

८. काही आक्षेप

तुम्ही म्हणाल, 'आमचे सर शंभर फॉर्मच मागतात.' मागतील; मीही मागत होतो. मग फॉर्मही भरून घ्या, पण परिशिष्टात तुमची मोजणी जोडा आणि तोंडी परीक्षेत तिच्याबद्दल बोला. बहुतेक परीक्षक दिवसभर वर्तुळालेख पाहून कंटाळलेले असतात. तुम्ही स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट सांगू लागलात की ते मान वर करतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २३ दुकानांवरून देशाबद्दल काय कळणार? देशाबद्दल काही कळणार नाही, आणि तसा दावाही करू नका. त्या २३ दुकानांबद्दल मात्र खात्रीने कळेल. व्हॉट्सॲपवरच्या शंभर उत्तरांवरून ना देशाबद्दल कळते, ना त्या शंभरांबद्दल.

तिसरी गोष्ट आजची आहे. दोनशे काल्पनिक उत्तरांचा तक्ता आता संगणक मिनिटभरात तयार करून देतो, सरासरी आणि पी-मूल्यासकट. होस्टेलवर रात्र जागवायचीही गरज उरलेली नाही. त्यामुळे नुसत्या तक्त्याला पुढे काही किंमत राहणार नाही. तुम्ही खरोखर कुठे गेला होतात आणि दुसरा कोणी तिथे जाऊन ते पडताळू शकतो का, यावरच तुमच्या कामाची किंमत ठरेल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या अभ्यासकाला शेळ्या किती ते कधीच कळत नाही.

९. समारोप

गेल्या काही वर्षांत मी माझ्या गुणदानाच्या तक्त्यात एक ओळ घातली आहे: 'हे काम दुसऱ्याला पुन्हा तपासता येईल का?' तिला पन्नासपैकी पंधरा गुण आहेत. 'नमुन्याचा आकार' ही ओळ काढून टाकली आहे. अहवालांची एक प्रत मी आता घरी ठेवतो. घरच्यांची तक्रार आहे, पण रद्दीवाल्याला ते कपाट दाखवायचे नाही असे ठरले आहे.

त्या मुलीला काय सांगावे हे मला अजून कळलेले नाही. तिच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर 'नाही, वहीतले आकडे चुकीचे नाहीत' एवढेच होते. ते त्या दिवशी तिला द्यायला हवे होते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या विभागातला कोणताही एक जुना प्रकल्प घ्या. त्यातली माहिती खोटी असती, तर ते कोणत्या पानावरून ओळखता आले असते?

२. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असे काय आहे, जे तुम्ही महिनाभर रोज मोजू शकता आणि जे अजून कोणी मोजलेले नाही?

३. १०० ऐवजी ४०० जणांचा यादृच्छिक नमुना घेतला, तर भाग ३ मधली ९.५ टक्के अंकांची त्रुटी किती होईल? चौपट कष्टांत अचूकता किती पट वाढली? आणि नमुना यादृच्छिक नसेल तर ती वाढली असे म्हणता येईल का?

४. स्लेटर यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचीच गावे निवडली. याचा फायदा काय झाला असेल आणि त्यामुळे कोणत्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या असतील?